देशमुखीणबाईंचं नाव काय?

(धाराशिव जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



घराण्याची पदवी आणि बाई, या विषयावर मला बोलायचं आहे. हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. राजे गेले, जहागिऱ्या गेल्या, आता दारूबंदीचं, रेशनचं, परित्यक्तांचं बोला. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण एका हजेरीच्या वहीनं मला हा विषय धरायला लावला.

गेल्या उन्हाळ्यात तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात आपली बैठक होती. वही फिरत होती. साठीच्या एक बाई डोक्यावरचा पदर सावरत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा शेजारची म्हणाली, "लिहा की ताई, देशमुखीणबाई." मी म्हटलं, "ते झालं, पण नाव काय?" ती गप्प. बाकीच्यांना विचारलं. चाळीस वर्षं एका गल्लीत काढलेल्या बायका, पण एकीलाही नाव सांगता येईना. शेवटी बाईंनीच हळू आवाजात सांगितलं. ते नाव मी इथे घेणार नाही, कारण त्यांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

प्रकरण काय, तर वडील वारले. महिन्याभरानं भाऊ गाडी घेऊन आले. साडी आणली, मानानं बोलले आणि म्हणाले, "अक्का, उद्या रजिस्ट्री ऑफिसला सही करायला यायचं. हक्कसोडपत्र करायचं आहे. देशमुखाच्या लेकी माहेराला वाटा मागत नसतात." बाईंनी मला विचारलं, "ताई, मी खरंच देशमुखाची लेक असेन तर माझा वाटा का नाही? आणि वाटा नसेल तर मी देशमुखीण कशाची?"

माझ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे. पण हा प्रश्न मला कुठल्याच वर्गात कुणी इतक्या सरळपणे विचारला नव्हता. त्याचंच उत्तर आज आपण मिळून शोधू.

आधी शब्द पाहू. देशमुख म्हणजे देशाचा मुख. इथे देश म्हणजे परगणा, पाचपन्नास गावांचा मुलूख. त्याचा मुख्य तो देशमुख, त्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे. गावाचा मुख्य पाटील, गावाचा हिशेबनीस कुलकर्णी. पाटील हा शब्द जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत 'पट्टकिल' म्हणून सापडतो. म्हणजे मुळात ही कामांची नावं आहेत. सारा वसूल करायचा, तंटे मिटवायचे, वेळ पडली तर सरकारसाठी माणसं उभी करायची. त्याचा मोबदला म्हणून इनाम जमीन, वसुलीत हिस्सा आणि मानपान. पोळ्याला पहिला बैल पाटलाचा, होळीला पहिला मान पाटलाचा. हे सगळं मिळून झालं वतन. वतन वंशपरंपरेनं चालायचं, त्यामुळे कामाचं नाव घराण्याला चिकटलं आणि त्याची पदवी झाली. म्हणूनच देशमुख आणि पाटील आज मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, लिंगायतांत आहेत आणि आपल्या मराठवाड्यात मुसलमानांतही आहेत. पदवीला एकच धर्म किंवा एकच जात नव्हती. मात्र ती सांभाळणारा वारस सगळीकडे पुरुषच होता.

आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे १८६० च्या दशकात सालारजंगांनी जिल्हाबंदी केली आणि वसुलीला पगारी अधिकारी नेमले. देशमुख-देशपांड्यांचं प्रत्यक्ष काम गेलं. पण त्याबदली रुसूम म्हणून रोख रक्कम त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिली. हे नीट लक्षात घ्या. काम संपलं, तरी मोबदला आणि मान चालूच राहिला. पदवीचा खरा स्वभाव इथे दिसतो. ती कामापासून सुटते आणि रक्ताला बांधली जाते.

याच्यावर आणखी मोठ्या पदव्या होत्या. निजामाच्या दरबारात जंग, दौला, मुल्क, उमरा असे चढत्या मानाचे किताब होते. सालारजंग हेसुद्धा नाव नव्हे, किताब आहे. माणसाचं नाव मीर तुराब अली खान. निंबाळकरांच्या एका शाखेला निजामाकडून 'रावरंभा' ही पदवी मिळाली. परंड्याच्या पलीकडे करमाळ्याला कमळाभवानीचं मोठं देऊळ आहे, ते या रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं. तुळजापूरला आपण आईच्या दर्शनाला उतरतो, तेव्हा ज्या दरवाजातून आत जातो तो सरदार निंबाळकर दरवाजा. आत देवी बाई आहे आणि दरवाजा सरदाराच्या नावाचा आहे. मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. दगडावर कुणाची नावं उरतात, एवढंच दाखवते.

आता बाईकडे येऊ. पाटलाची बायको पाटलीण, देशमुखाची देशमुखीण, राजाची राणी. ऐकायला वाटतं की मान दोघांना सारखा मिळाला. पण देशमुखाची मुलगी देशमुखीण होते का? ती कुलकर्ण्याकडे दिली तर कुळकर्णीण, पाटलाकडे दिली तर पाटलीण. मुलाला पदवी जन्मानं मिळते आणि मरेपर्यंत राहते. बाईला ती लग्नानं मिळते. नवऱ्यानं टाकली की लोक म्हणतात, "ती कसली देशमुखीण, टाकलेली आहे." म्हणजे बाईची पदवी कायम उसनी असते.

हे नुसतं रीतिरिवाजानं झालं असं नाही. कायद्यानंही केलं. शेजारच्या बार्शी-सोलापुरात इंग्रजांचा अंमल होता. तिथे वतनांसाठी १८७४ चा मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा होता. १८८६ साली त्याला एक दुरुस्ती जोडली. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर वतनदार कुटुंबातल्या बाकी सगळ्या बायकांचा वारसाचा क्रम त्या कुटुंबातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे. मुलगी हयात असली तरी आधी चुलत घरातला पुरुष. निजामाच्या मुलखातल्या जहागीरदार घराण्यांत बायकांच्या वाट्याला बहुतेक करून गुजारा यायचा, म्हणजे पोटापुरती नेमणूक. आणि विधवेला जो काही मान होता तो कशासाठी? दत्तक घेऊन पुढचा पुरुष उभा करण्यासाठी. दोन पुरुषांच्या मधला पूल म्हणून तिची गरज होती.

अपवाद नव्हते असं नाही. होळकरांच्या घरात १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे 'खासगी' म्हणून वेगळी जहागीर दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंनी त्या खासगीतून देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांच्या हातात स्वतःच्या नावाचं उत्पन्न होतं, हे शाळेत कुणी सांगत नाही. आपण त्यांना पुण्यश्लोक म्हणतो आणि मूळ मुद्दा सोडून देतो. बाईच्या हातात उत्पन्न आलं, तेव्हा ती काय करू शकते हे त्यातून दिसतं.

आणखी एक बाजू आहे. ती सांगितली नाही तर आपलं बोलणं अर्धं राहील. गढीवरचा मान खाली कुणाच्या तरी पाठीवर उभा होता. गावात वतन महारांनाही होतं. पण ते कसलं? वेस राखायची, सांगावा पोचवायचा, मेलेली गुरं ओढायची आणि त्याबदली तुटपुंजी जमीन आणि दारोदारची भाकर. हे वतन म्हणजे बेडी आहे, ती तोडा, असं बाबासाहेबांनी १९२० च्या दशकापासून सांगितलं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात त्यासाठी विधेयकही मांडलं. वतन हा शब्द दोघांना एकच, पण एकाला त्यानं गादी मिळाली आणि दुसऱ्याला वेठ. गढीच्या दारात उभं राहून "माय, वाढा" म्हणणारी बाईच होती आणि वरून न शिवता भाकर टाकणारी देशमुखीणही बाईच होती. दोघीही पुरुषसत्तेच्या बळी, असं एका वाक्यात म्हणून आपण मोकळ्या होऊ शकत नाही. देशमुखीणबाईंचा पदर हा बंधनाचा होता आणि अधिकाराचाही होता. दोन्ही खरं आहे.

हे सगळं कायद्यानं कधी संपलं? राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं ठरवलं की लष्करी आणि विद्याविषयक पदव्या सोडून सरकार कुणालाही किताब देणार नाही. हैदराबाद संस्थानात १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. १९५८ साली महार वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करण्याचा कायदा झाला. गावच्या कामावर वंशपरंपरेनं नेमणूक करणं हे घटनेच्या सोळाव्या कलमाविरुद्ध आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं आंध्रातल्या एका प्रकरणात १९६० च्या अखेरीला दिला. महाराष्ट्रात मुलकी पाटीलकी रद्द करण्याचा कायदा १९६२ चा. १९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं. आज कित्येक गावांत बाया पोलीस पाटील आहेत. कुणाची सून म्हणून त्या तिथे नाहीत, पात्रतेनं आहेत. आणि १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं राजेरजवाड्यांची मान्यता आणि तनखे दोन्ही गेले.

पद्म पुरस्कारांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं की तो किताब नव्हे आणि म्हणून तो नावाच्या मागेपुढे लावता येणार नाही. म्हणजे ज्या बाईला आयुष्यभराच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, तिनं ती नावाआधी लावायची नाही. आणि आपल्या लग्नपत्रिका बघा! राजे, सरकार, श्रीमंत, सगळे छापलेले. देशमुख हे आता आडनाव आहे आणि आडनाव लावायला कायद्याची मनाई नाही, असूही नये. प्रश्न लिहिण्याचा नाही. ते नाव आज कशासाठी वापरलं जातं, हा प्रश्न आहे.

आपल्या कामात मला त्याचे चार वापर दिसतात.

पहिला, लग्नात. "आम्ही देशमुखातच करतो." मुलगी बारावीला पहिली आली, पुढे शिकायचं म्हणते, पण कुळीत बसणारं स्थळ आलं की शिक्षण थांबतं. घराणं जितकं मोठं, तितका हुंडा मोठा. जमीन गेली, गढीची भिंत ढासळली, पण नावाला बाजारभाव आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, पण पत्रिकेवरची पदवी तो भाव राजरोस जाहीर करते.

दुसरा, श्रमात. त्या बाईंनी सासूची गोष्ट सांगितली. १९७२ च्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं. कामावर सुकडी मिळायची, आठवड्याला पैसे मिळायचे. गढीवरची सून मात्र दाराआड. देशमुखाची सून खडी फोडते असं कुणी म्हणू नये म्हणून. घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून मागच्या दारानं बाजारात गेली. भांडी संपल्यावर ती रात्री दार लावून एक भाकरी तिघांत वाटायची, आणि सकाळी अंगण सारवून पुढच्या दारात रांगोळी घालायची. नाव राखायचं काम तिचं आणि उपासही तिचाच. नवरा मात्र चावडीवर बसून चहा प्यायचा, त्यानं नाव जात नव्हतं. रोजगार हमीचा कायदा पुढे झाला, पण अशा घरच्या कित्येक बाया आजही जॉबकार्ड काढत नाहीत. सर्वेक्षणात त्या 'घरकाम' म्हणून नोंदल्या जातात आणि त्यांची गरिबी कागदावर येतच नाही.

तिसरा वापर जमिनीत, आणि माझ्या मते हाच कळीचा. "देशमुखाच्या लेकी वाटा मागत नसतात" या वाक्यात पदवी म्हणजे मान नाही, वाटा सोडवून घ्यायचं हत्यार आहे. बाईला सांगितलं जातं, तू मोठ्या घरची, मग मन मोठं कर. भावांना मात्र मोठ्या घरचे म्हणून मन मोठं करायला कुणी सांगत नाही.

चौथा, पंचायतीत. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या. तरी खुर्चीवर पाटलीणबाईंचा फोटो आणि शिक्का पाटलांच्या खिशात, असं अजून कितीतरी ठिकाणी आहे. पण याच पंचायतीत मजुरी करणारी, कुठल्याच घराण्याची नसलेली बाई निवडून येते, पहिल्या वर्षी घाबरते, दुसऱ्या वर्षी तलाठ्याला प्रश्न विचारते. लोक तिला 'सरपंचबाई' म्हणतात. ही पदवी लग्नानं आलेली नाही आणि मुलाकडे जाणारही नाही. मला ही पदवी आवडते.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर हे दुसऱ्यांना शहाणपण सांगणं होईल. माझंही आडनाव पाटील आहे. एका कार्यालयात मी आणि माझी दलित सहकारी एकाच कामासाठी गेलो होतो. नाव सांगितल्यावर "कुठले पाटील?" असं विचारून मला खुर्ची दिली गेली. तिला उभं ठेवलं. काम तिच्या वस्तीचं होतं, कागद तिनं तयार केले होते. मी खुर्चीवर बसले आणि अर्धं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती उभी आहे. मग उठले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुझं काम नावानं अर्धं होतं, माझं नावानं अर्धं अडतं." आपल्यापैकी ज्यांच्या नावाला असं वजन आहे, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवायला हवं.

मग आडनाव टाकून द्यावं का? काही मैत्रिणींनी टाकलं, काहींनी आईचं नाव लावलं. त्यांचा मला आदर आहे. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, हे गावोगाव सांगा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं राज्य सरकारनं बंधनकारक केलं आहे, ही चांगली गोष्ट झाली. आपल्या जिल्ह्याचंही नाव बदललं. निजाम उस्मान अलीच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद २०२३ साली धाराशिव झालं. पण नाव बदलल्यानं सातबारा बदलत नाही. उस्मानाबादच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव नव्हतं आणि धाराशिवच्या सातबाऱ्यावरही बहुतेक ठिकाणी नाही. पाटी बदलायला जेवढा जोर लागला, त्याच्या निम्मा तरी इथे लागायला नको का?

म्हणून आता कामाचं बोलते.

हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली तो दिला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या मुलीही आल्या. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटप झालेलं असेल तर ते उकरता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. मुसलमान बहिणींना शरियतप्रमाणे भावाच्या निम्मा वाटा आहे, पण तोही त्यांना बहुतेक वेळा दिला जात नाही. त्यांच्या मोहल्ल्यातही ही बैठक घ्यायची आहे.

वडील वारले की वारसनोंदीचा अर्ज होतो. अर्जात मुलींची नावं आहेत का ते पाहा. फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ते पंधरा दिवस आपल्या मंडळाचे असले पाहिजेत. हक्कसोडपत्र नोंदणीशिवाय चालत नाही, म्हणजे बाईला रजिस्ट्री ऑफिसला जावंच लागतं. तेव्हा तिच्याबरोबर आपल्यातली एकजण गेलीच पाहिजे. तिनं स्वखुशीनं वाटा सोडला तर तो तिचा हक्क. पण सही करण्याआधी कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि किती गुंठे सोडते आहेस, त्याची आजची किंमत काय, हे तिला सांगायचं. आकडा ऐकल्यावर पुष्कळ बायकांचा पेन थांबतो, हा माझा अनुभव आहे.

आणि सासरच्या जमिनीवर बायकोचं नाव लावण्याचं काम. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांकडून ते करून घेतलं होतं. ते आपल्या मंडळांनी पुन्हा हातात घ्यावं. पाटलाची बायको म्हणून मान हवा असेल, तर पाटलाला विचारा, सातबाऱ्यावर नाव कधी लावता?

तुम्ही विचाराल, त्या बाईंचं काय झालं? त्यांनी सही केली नाही. भावांनी बोलणं टाकलं. या दिवाळीला माहेरचं बोलावणं आलं नाही. त्यांना त्याचं फार दुःख आहे, आणि हक्क मिळतो आहे म्हणून दुःख नाही असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. वाटा मागणाऱ्या बाईचं माहेर तुटतं, हा भाव तिला मोजावा लागतो. तो तिनं एकटीनं मोजू नये, यासाठीच आपली संघटना आहे. यंदा भाऊबीजेला आमच्या मंडळाच्या चौघीजणी त्यांच्या घरी जेवायला गेल्या होत्या. त्यात ज्यांच्या आजीला त्या गढीच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, अशा दोघी होत्या. बाईंनी त्यांना आत चुलीपाशी पाट मांडला. मला वाटतं, त्या घराण्यात पहिल्यांदाच एका बाईनं स्वतःचा असा काही निर्णय घेतला.

परवाच्या बैठकीत वही पुन्हा फिरली. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग आईचं. मग थोडं थांबून देशमुख. मी काही बोलले नाही. आडनाव ठेवायचं की नाही ते त्या ठरवतील. पण गल्लीतल्या बायकांना आता त्यांचं नाव माहीत आहे.

आज घरी गेल्यावर एक करा. तुमच्या गल्लीत जिला सगळे पाटलीणबाई, देशमुखीणबाई म्हणतात, आणि जिला नुसतं 'अमक्याची बायको' म्हणतात, अशा दोघींना त्यांचं नाव विचारा. मग त्यांच्या जमिनीचा सातबारा काढा आणि ते नाव त्यावर आहे का ते बघा. पुढच्या महिन्याच्या बैठकीत आपण तिथून सुरुवात करू.